आप्पांची बारा वाक्यं

शेवटच्या दीड वर्षात माझ्या वडिलांकडे बोलायला एकूण बारा वाक्यं होती, आणि ती बाराही माझ्या हातची होती. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एफ-एक ते एफ-बारा अशी बारीक बटणं असतात. एका बटणावर एक वाक्य. आप्पांनी बोट टेकवलं की कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने म्हणायचा. ऐकणाऱ्याला याचं फार कौतुक वाटतं. लेक असावी तर अशी, असं लोक तोंडावर म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही, कारण बोलायला लागले तर पुढचंही सांगावं लागेल.

मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. सगळी मशीनं लिनक्सवर चालतात आणि सगळी माझ्या शिस्तीत. माउसला हात लावणं मला कमीपणाचं वाटतं. रोज जे काम दहादा करायचं ते एका बटणावर असलंच पाहिजे, एवढा एकच धर्म मी मनापासून पाळला. माझ्या मशीनवर दुसरं कोणी बसलं तर त्याला साधी खिडकी बंद करता येत नाही, इतकी बटणं मी माझ्या सोयीने फिरवून ठेवलेली. स्वभाव तापट. समोरचा माणूस मेनू शोधत बसला की माझ्याने बघवत नाही, मी त्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घेते आणि काम करून मोकळी होते. लॅबमध्ये मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते चुकीचं नाही.

आप्पा लातूरला खानावळ चालवायचे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरंपोरी लातुरात कुठून कुठून येतात. मुखेड, देगलूर, निलंग्याकडची. क्लासच्या आसपास खोली घेतात आणि पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने जेवण टाकतात. आमच्याकडे स्वयंपाक आईचा, वाढणं मात्र आप्पांचं. दुसऱ्या कोणाला ते वाढू द्यायचे नाहीत. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर पंचा, एका हातात भाकरीची टोपली, दुसऱ्या हातात वरणाची बादली. कोणी 'नको' म्हणालं की आप्पा थांबायचे. "काऊन नको? पोटात न्हाई तर डोक्यात काय जाईल?" एवढं विचारेपर्यंत भाकरी ताटात पडलेली असायची. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेने सरकवायचे.

आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. ती पाहुण्याची रीत असते. दुसऱ्या नकोचा अर्थ अर्धी चालेल. तिसऱ्या नकोनंतरही वाढणाऱ्याने निदान चतकोर टाकायची, नाहीतर तो वाढणारा कसला! या नियमात आई वाढली, मी वाढले, आमची अख्खी गल्ली वाढली. नको म्हणजे आणखी थोडा आग्रह करा, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

आजाराची सुरुवात आवाजापासून झाली. आप्पांची जीभ जड झाली, शब्द दारू प्यायल्यासारखे लटपटायला लागले. ज्या माणसाने जन्मात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल गल्लीत कुजबुज सुरू झाली, आणि आप्पांना आजारापेक्षा त्याचाच संताप जास्त. मग हातातली बादली निसटायला लागली. नांदेडला आणून सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की नसांचा आजार आहे, औषध नाही. एकेक स्नायू काम सोडत जाईल. बोलणं जाईल, हात जातील, गिळणं जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. "त्यांना सगळं कळत राहणार आहे, हे लक्षात ठेवा," असं ते दोनदा म्हणाले. मी मान हलवली. दुसऱ्यांदा का म्हणाले ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

सहा महिन्यांत बोलणं गेलं. खानावळ बंद करून आईने थोडे डबे तेवढे चालू ठेवले. आप्पा पाटीवर लिहून दाखवायचे. पुढे अक्षर बिघडलं, अक्षरांच्या रेघा झाल्या, आणि त्या रेघांचा अर्थ लावताना आई रडायला लागायची. मग मी त्यांना मोबाइलवर चित्रं दाबून बोलायचं शिकवलं. पण मोबाइलच्या काचेला थरथरतं बोट समजत नाही. एक चित्र दाबावं तर तिसरंच उघडायचं, आणि आप्पा मोबाइल उलटा करून ठेवायचे. मान सैल पडल्यामुळे होकार-नकारही हलवून दाखवता येत नव्हता. आम्ही म्हणायचो, डोळे मिटा, म्हणजे हाव, होकार, समजू. माणूस तसेही डोळे मिटतोच. आम्हाला हवा तो अर्थ आम्ही लावत होतो.

तेव्हा मला आपली विद्या आठवली. काचेपेक्षा बटण बरं. बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळतं. मी माझा जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून एसटीने लातूरला नेला. आईने लगेच त्याच्यासाठी आप्पांच्या पलंगाशेजारचा कोनाडा रिकामा केला आणि कीबोर्डखाली मांडीवर ठेवायला एक पाट दिला. लिनक्समध्ये स्वतःचा शॉर्टकट बनवणं अवघड नसतं. सेटिंग्जमध्ये कीबोर्डचं पान उघडायचं, त्यात अधिकचं चिन्ह दाबायचं. तीन गोष्टी विचारल्या जातात: नाव, आज्ञा आणि बटण. नावात 'पाणी' लिहायचं. आज्ञेत, मराठी वाक्य वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळ. मग एक छोटी खिडकी येते आणि म्हणते, हवं ते बटण दाबा. रद्द करायचं तर एस्केप, शॉर्टकट बंद करायचा तर बॅकस्पेस. इतकं सोपं. मी आप्पांशेजारी मांडी घालून बसले आणि तासाभरात त्यांना बोलतं केलं, असं मला वाटलं.

पहिली चूक लगेच कळली. माझ्या सवयीने मी सगळे शॉर्टकट दोन-दोन बटणांचे केले होते. डाव्या हाताने एक धरायचं आणि उजव्याने दुसरं दाबायचं. आप्पांचा डावा हात कधीच गेला होता. एकामागून एक दाबलं तरी चालेल अशी सोय असते, ती लावून पाहिली, पण पहिलं दाबून दुसऱ्यापर्यंत बोट नेईस्तोवर आप्पा दमून जायचे. शेवटी वरच्या ओळीतली एकेरी बटणं घेतली. ती चार-चारच्या गटात असतात, मध्ये बोटभर जागा सुटलेली. बोटाला चाचपडत तिथे पोचता येत होतं. एफ-एक दाबलं की मदतीची खिडकी उघडायची, तिला गप्प केलं. बोट उचलायला वेळ लागला तर 'पाणी पाणी पाणी पाणी' असा धडाका सुरू व्हायचा, तो बंद केला. थरथरीमुळे एकच बटण दोनदा दाबलं जायचं, तेव्हा दोन दाबण्यांत एक सेकंद गेल्याशिवाय दुसरं धरायचंच नाही, असं मशीनला सांगून ठेवलं. ही कामं करताना मी खूश होते. खोटं कशाला बोलू, घरात तो आजार आल्यापासून पहिल्यांदाच मी खूश होते.

आवाजाचा प्रश्न निघाला. प्रोग्रॅमचं मराठी म्हणजे पत्र्याच्या डब्यात दगड हलवल्यासारखं. आप्पांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगं बाई, ह्यांच्या उशापाशी कोण मुडदा बोलायलाय?"

तिला तो आवाज चालणार नव्हता. मग मी माझ्याच आवाजात वाक्यं भरली. नांदेडच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा बंद करून, मोबाइलवर. आज्ञेतली ओळ बदलली, आता प्रत्येक बटण एक फाइल वाजवायचं. अशा रीतीने आप्पा माझ्या आवाजात बोलायला लागले.

वाक्यं कोणती, ते मी बसमध्ये अहमदपूर ते चाकूरच्या दरम्यान एका कागदावर ठरवलं होतं. पाणी. चहा. हाव. लघवीला जायचंय. कूस बदला. पाय दुखायलेत. पंखा. मानेखालची उशी नीट करा. नवव्यावर आईच्या हट्टाने 'शिवाय नमः'. दहाव्यावर बातम्या लावा. अकराव्यावर मी माझ्यासाठी एक ठेवलं, 'कधी येणार?' बारावं रिकामं सोडलं, पुढे लागेल म्हणून. आप्पांना मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांना काय लागतं ते मला माहीतच आहे, असा माझा भरवसा होता.

अकरावं चाललं. संध्याकाळी आईचा फोन यायचा, ती फोन कॉम्प्युटरजवळ धरायची, आणि माझाच आवाज मला विचारायचा, "कधी येणार?" पहिल्यांदा मी हसले. नंतर नंतर शनिवारी सुट्टी टाकून निघायला लागले.

पण बाकीच्यांचं काहीतरी बिनसलं होतं. आप्पा 'पाणी' दाबायचे, आई पेला घेऊन यायची, आणि ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. 'चहा' दाबायचे आणि चहा आल्यावर डोळे फिरवायचे. आई चिडायची. "मागायचं बी आन् घ्यायचं बी न्हाई. लेकराच्या वर झालंय ह्यांचं." मलाही वाटलं, आजाराने हेका वाढला असेल. एका शनिवारी मी गेले तर आप्पांनी डोळ्यांनी पाटीकडे खूण केली. पाटी त्यांनी कित्येक आठवड्यांत मागितली नव्हती. मी खडू बोटांत अडकवला, मनगट धरलं. दुपारचं जेवण झाल्यापासून चहाची वेळ होईपर्यंत ते दोन अक्षरांशी झटत होते. 'नको'.

तेव्हा मला दिसलं की अकरा वाक्यांत मी मागायची सगळी सोय केली होती आणि नाकारायची एकही नाही. 'हाव' ठेवलं होतं. हाव दाबलं नाही म्हणजे न्हाई, असं माझं लॅबमधलं गणित. दिवा लागलेला नाही म्हणजे बंद आहे, तसं. पण दाबलं नाही तर आम्हाला वाटायचं बोट पोचलं नसेल, आणि आम्ही वाढत राहायचो. आप्पा 'पाणी' दाबत होते ते आईला थांबवायला, हातातला घास तिने खाली ठेवून पेल्याकडे वळावं म्हणून. नको म्हणायची तेवढी एकच वाट मी त्यांना ठेवली होती.

लाज वाटली. लगेच दुरुस्त करावं म्हणून मी तिथेच मोबाइल काढला. आई त्या वेळी मला चहाबरोबर दशमी वाढत होती, मी ताटलीवर हात धरलेला. रेकॉर्डिंग चालू करून मी तशीच म्हणाले, "नको, राहू दे." म्हणता म्हणता हसू आलं, कारण तिने दशमी हाताखालून सरकवलीच. मागे ताटलीचा आवाजही आला. नांदेडला जाऊन पुन्हा नीट भरू, असं ठरवून मी तीच फाइल एफ-बारावर लावली. पुन्हा भरलीच नाही.

आप्पांनी एफ-बारा त्या दिवसापासून सगळ्यात जास्त वापरलं. शेवटच्या कोपऱ्यातलं बटण, चुकून दाबायची भीती नाही. "नको, राहू दे." आणि मागून ताटलीची किणकिण. आई म्हणायची, "तुझं ते नको ऐकलं की मला हसूच येतंय बाई." हसायची आणि चमचा पुढे करायची. "एवढा एकच घास. माझ्यासाठी." आप्पा पुन्हा दाबायचे. तिसऱ्या नकोला तिने अर्धा चमचा तरी तोंडात घातलेला असायचा. मीही तेच करायचे. त्यांच्या तोंडात नको घातलं ते मी, पण जेवायला बसलेल्या पाहुण्याचं. खरोखरच्या नकाराचा सूर मी त्यांना दिलाच नव्हता. आणि हे कळायला मला फार उशीर लागला.

घशाखाली उतरणं कमी झालं. पातळ वरणाचाही ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. खांद्याची हाडं वर आली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटाला बारीक छिद्र पाडून नळी बसवता येईल, त्यातून अन्न देता येईल. आयुष्य थोडं लांबेल, आजार थांबणार नाही. "त्यांना विचारा," ते म्हणाले. "नको म्हणाले तर तोही एक निर्णय असतो. त्यांचा."

आम्ही विचारलं. रविवार होता, मी होते, आई होती, धाकटे काका आले होते. मी नळीचं चित्र मोबाइलवर दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी पूर्ण ऐकलं. मग बोट सरकवत सरकवत ओळीच्या टोकापर्यंत नेलं.

"नको, राहू दे."

"असं कसं, आप्पा?" मी म्हणाले. "छोटंसं काम आहे. दुखणार नाही."

"नको, राहू दे."

"आवं, ह्यांचं काय ऐकता?" आई काकांना म्हणाली. "ह्यांनी आजवर कुणाचं नको ऐकलंय?"

काकाही हसले. भावाच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "दादा, जगाला खाऊ घातलंस. आता आमचा बी आग्रह हाय. घे."

"नको, राहू दे."

तीनदा झालं होतं. आमच्या रीतीप्रमाणे आता चतकोर टाकायची वेळ होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरलं.

गुरुवारी सकाळी नांदेडला न्यायला जीप आली. ड्रायव्हर आणि शेजारची दोन माणसं आप्पांना उचलायला आत आली. आप्पांचं बोट एफ-बारावरच होतं. ते दाबत होते, मी लावून दिलेला एक सेकंद सोडून, पुन्हा दाबत होते. "नको, राहू दे." किणकिण. "नको, राहू दे." किणकिण. माझा आवाज, माझं ते हसू, आणि दारात उभी असलेली परकी माणसं. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल मीच हसतेय. शेजारच्यांपैकी एकजण म्हणाला, "आप्पा न्हाई म्हणायलेत का?" आई रडायला लागली होती. मला ते सहन होईना. आप्पांचं दुःख सहन होईना, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला तो आवाज बंद व्हायला हवा होता.

मी वाकले, माउस घेतला. सेटिंग्ज, कीबोर्ड, यादीतली शेवटची ओळ. छोटी खिडकी आली, हवं ते बटण दाबा. आप्पांच्या हाताच्या वरून हात नेऊन मी बॅकस्पेस दाबलं. यादीत 'नको' या नावासमोर 'बंद' असा शब्द आला.

आप्पांनी एफ-बारा दाबलं. काही वाजलं नाही. ते थांबले. बटणावरून बोट फिरवलं, धूळ असेल तर जावी म्हणून, आणि पुन्हा दाबलं. मग फक्त डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बिघडलंय," मी म्हणाले. "आल्यावर बघते."

ज्या माणसाचं डोकं लख्ख राहणार, असं मला दोनदा सांगितलं होतं, त्याच्या डोळ्यांत बघून मी हे बोलले. त्यांना उचललं तेव्हा त्यांनी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. हॉस्पिटलात सही करताना नर्सने सहज विचारलं, "पेशंटची तयारी आहे ना?" मी म्हणाले, "हाव."

नळी बसली, त्रास झाला नाही. आठ दिवसांनी आप्पा लातूरला परत आले. आई मोठ्या सिरिंजने मुगाचं पाणी, दूध, ताक घालायची. महिन्याभरात गालांवर मांस आलं. बघायला येणारे म्हणायचे, बरं केलंत, चेहऱ्यावर तेज आलंय. आई समाधानी होती. तिच्या हातचं पुन्हा त्यांच्या पोटात जात होतं, आणि तिला अडवायला मध्ये कोणी नव्हतं.

ते परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी एफ-बारा दुरुस्त केलं. या वेळी खोलीत एकटीने बसून नवी फाइल भरली होती. हसू नाही, ताटली नाही. "नको." कडक, एकच शब्द, ऐकणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबेल असा. तीसेक वेळा भरून त्यातला एक निवडला. आप्पांशेजारी बसून सगळं खरं सांगितलं. बिघडलं नव्हतं, मी बंद केलं होतं. आता चालू आहे. कोणी पुन्हा बंद करणार नाही, आणि यापुढे तुम्ही एकदा दाबलंत तरी आम्ही ऐकू. त्यांचं बोट उचलून मी एफ-बारावर ठेवलं.

आप्पांनी बोट उचलायला सुरुवात केली. ओळीवरून मागे मागे, अकरा, दहा, नऊ, दोन्ही मोकळ्या जागा ओलांडत, दमत, थांबत, ते तिसऱ्या बटणावर आलं.

"हाव."

मला वाटलं, माझं म्हणणं पटलं. मी त्यांचा हात कपाळाला लावला.

त्यानंतर त्यांनी दुसरं कुठलंच बटण दाबलं नाही. पाणी नाही, उशी नाही. 'कधी येणार' नाही. संध्याकाळी आई फोन जवळ धरायची आणि मला नुसता पंख्याचा आवाज ऐकू यायचा. विचारलं तर उत्तर यायचं, पण एकच. खिडकी उघडू का? हाव. लावून घेऊ? हाव. दुखतंय का? हाव. मग दुखत नाही ना? हाव. आई म्हणायची, आता कसे शहाण्यासारखे वागतात, कशाला म्हणून नकार नाही. मी नांदेडहून येताना दर वेळी नवा प्रश्न शोधून आणायचे, असा की ज्याला त्यांना नको म्हणावंच लागेल. डॉक्टरांकडे पुन्हा नेऊ का? दुसरी नळी बसवू का? हाव, हाव. बारावं बटण नीट चालत होतं. मी दर खेपेला ते स्वतः दाबून बघायचे, आणि माझा कडक 'नको' त्या खोलीत मलाच ऐकू यायचा.

पाच महिने असे गेले. आप्पा गेले त्याच्या आदल्या रविवारी आई डबे द्यायला बाहेर गेली होती. बसला वेळ होता. मी पलंगाच्या कडेवर बसून विचारलं, "आप्पा, माझ्यावर राग आहे का?"

बोट तिथेच होतं. त्यांना ते हलवावंही लागलं नाही.

"हाव."

 मग विचारलं, "मला माफ केलंत का?"

एक सेकंद गेला.

"हाव."

दोन्ही वेळा फाइल एकच, आवाज माझाच. त्यातलं आप्पांचं कुठलं होतं, हे विचारायला आता ते नाहीत.